तोळामासा

मराठी शिकवणाऱ्या माणसाला वजनमापातले काय कळणार, असा एक समज आमच्या वणीत आहे, आणि तो बराचसा खरा आहे. तसे पाहिले तर आम्ही भाषेची माणसे सदा वजनेच करीत असतो. अमक्याच्या शब्दाला वजन आहे, तमका त्याच्या पासंगालाही पुरत नाही, कुणाचे पारडे जड झाले, कुणाला शेरास सव्वाशेर भेटला, कुणाचे पाय मणामणाचे झाले – हे सगळे मी गेली वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. पासंग म्हणजे काय हे हल्लीच्या मुलांना ठाऊक नसते. तराजूची दोन पारडी मुळातच सारखी नसली, तर हलक्या पारड्याला एखादा खडा बांधून ती सारखी करीत. तो खडा म्हणजे पासंग. हे मी अगदी रंगवून सांगतो. पण प्रत्यक्ष तराजू विकत घेण्याची वेळ वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत माझ्यावर आली नव्हती.

आमच्या घरी धान्यधुन्याचे खाते आईकडे. आणि आई कधी वजन करीत नसे. तिच्याजवळ माझ्या आजीच्या वेळची पितळी मापे आहेत. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. पायली कुठे गेली कुणास ठाऊक, पण शेर, मापटे आणि चिपटे एकात एक बसवून तांदळाच्या डब्यात अजून ठेवलेले असतात. भाताचा हिशेब माणशी अर्धे चिपटे आणि वर एक मूठ. ही वरची मूठ कुणाची, हे ठरलेले नसे. आल्यागेल्याची म्हणायची. कुणी आले-गेले नाही तर सकाळी फोडणीचा भात. लहानपणी मामाच्या खळ्यावर धान्य मोजताना मी पाहिले आहे, पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. मोजायचे तर खरे, पण मोजतो आहोत असे धान्याला कळू द्यायचे नाही, असा काहीसा तो प्रकार होता.

वजनमापांचा कायदा झाला १९५६ साली. १९५८च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम बाजारात येऊ लागला आणि १९६२च्या एप्रिलपासून वजनाच्या बाबतीत तो सक्तीचा झाला. सरकारने शेर काढून टाकला, पण आमच्या बायाबापड्यांनी तो टाकला नाही. आजही आमच्या बाजारात पावशेर मिरच्या मागितल्या की भाजीवाली मुकाट्याने २५० ग्रॅमचे वजन पारड्यात टाकते. खरा पावशेर, म्हणजे ८० तोळ्यांच्या शेराचा चौथा हिस्सा, २३३ ग्रॅमचा. शब्द तोच राहिला आणि माल सतरा ग्रॅमनी वाढला! शब्दांचे अर्थ रुंदावतात, आकसतात, हलके होतात असे आम्ही भाषाशास्त्रात शिकवतो. पण अर्थाचे वजन खरोखर ग्रॅमने वाढल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

सौ.चा कारभार आईपेक्षा आधुनिक, म्हणजे वाटीचा. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली निघाली आणि वाटी-चमच्याचे माप घराघरांत पोचले. ते पुस्तक सौ.ने माहेरून आणले. वाटीत एकच अडचण असते, ती म्हणजे कुठली वाटी. पण एक वाटी धरली की धरली, प्रमाण चुकत नाही; आणि आमच्या घरी पदार्थही कधी फारसे चुकत नसत. तेव्हा घरात काट्यावाचून कुणाचे काही अडलेले नव्हते.

अशा घरासाठी मी एका संध्याकाळी पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, “घरगुती वजनकाटा दाखवा.”

“सर, दुकान टाकताय का काय?” दुकानदाराने विचारले. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता, म्हणून ही सलगी.

त्याने तीन काटे समोर ठेवले. एक जुन्या तऱ्हेचा, घड्याळासारखी तबकडी आणि आत स्प्रिंग. दुसरा पांढऱ्या प्लॅस्टिकचा, वर वाटोळे ताट, दहा किलोपर्यंत चालणारा. तीन-चारशे रुपयांत मिळतो तो. तिसरा काचेचा. पाटीएवढा, बोटभरही जाड नव्हे, नुसते बोट लावले की निळे आकडे उजळणारा. मी एम. ए.ला सौंदर्यशास्त्राचा पेपर घेतला होता. मी काचेचा उचलला.

“सर, तो दिसायला भारी आहे,” दुकानदार म्हणाला, “पण त्याला घड्याळातला बटनसेल लागतो.”

“असू द्या,” मी म्हणालो. माणसाने शिक्षण घेतले म्हणजे दुकानदाराचे ऐकू नये असे त्याला वाटू लागते.

आता हा काटा कशासाठी हवा होता ते सांगतो. तीन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात आमची धाकटी एकाएकी पाणी पिऊ लागली. नऊ वर्षांची मुलगी, रात्री तीन-तीनदा उठून तांब्या तोंडाला लावी. आई म्हणाली, उंच होते आहे, म्हणून वाळली आहे. शाळेत वजन केले तेव्हा ते दिवाळीपूर्वीपेक्षा चार किलोंनी कमी भरले. तोळामासा प्रकृती हा शब्दप्रयोग मी कितीदा तरी शिकवला असेल! माझ्या घरात एक जीव तसा होत चालला होता आणि मी प्रथम सत्राचे पेपर तपासत बसलो होतो.

दिंडोरीमार्गे नाशिकला नेले. तिथे बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीवर घेतला. आकडा उमटेचना. दोन अक्षरे उमटली, इंग्रजीतली – ‘हाय’. साखर यंत्राच्या मापापलीकडे गेली म्हणजे ते तसे दाखवते, असे नर्सबाईंनी सांगितले. पण मी मराठीचा माणूस. मला त्या क्षणी तो मराठीच वाटला.

आठ दिवसांनी मुलीला घेऊन घरी आलो. पहिल्या प्रकारचा मधुमेह. हा गोड खाल्ल्याने होत नाही, आईबापांच्या चुकीने होत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशींवर उलटते आणि ते बनणे थांबते. मग ते बाहेरून, सुईने, दिवसातून चार वेळा, जन्मभर. प्रत्येक जेवणाआधी किती युनिटे घ्यायची ते त्या जेवणात कर्बोदके किती आहेत यावर ठरते. तिचा हिशेब तेव्हा पंधरा ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट असा होता. प्रत्येक मुलाचा वेगळा असतो आणि वयाबरोबर बदलतो. तो डॉक्टरांनी ठरवायचा. आहारतज्ज्ञ बाईंनी कागद हाती दिला आणि म्हणाल्या, “वाटीवर जाऊ नका. घरी एक काटा घ्या.”

वाटीवर का जायचे नाही, हे मला घरी आल्यावर समजले. सौ.च्या वाटीत चाळलेले बेसन अलगद भरले तर ८४ ग्रॅम भरले. तेच बेसन वाटी आपटून भरले तर १०९. वाटी तीच, बेसन तेच, आणि पंचवीस ग्रॅमचा फरक. स्वयंपाकात हा फरक कुणाच्या जिभेलाही कळत नाही. सुईत कळतो. इन्सुलिन कमी पडले तर साखर चढते आणि जास्त झाले तर उतरते, आणि उतरते ती वेळ मिनिटांची असते.

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात मला प्रवेश मिळाला, तोलणारा म्हणून. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके. कणकेत शंभराला पासष्ट ते सत्तर. पोळी भाजल्यावर तोलण्यात अर्थ नसतो, कारण तिच्यातले पाणी किती उडाले ते रोज वेगळे. त्यापेक्षा ३०० ग्रॅम कणीक, १८० ग्रॅम पाणी, आणि ४८ ग्रॅमचा एक गोळा. म्हणजे एका पोळीत ३० ग्रॅम कणीक आणि वीस ग्रॅम कर्बोदके. सौ. आठवड्याभरात अशी तयार झाली की काट्याकडे न पाहता गोळा तोडायची आणि तो ४७ किंवा ४९ भरायचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले आहेत. माझ्या टेबलावर शब्दकोशाशेजारी त्यांचे छापील कागद आले.

द्राक्षांना मात्र तक्त्याची गरज पडली नाही. आमचा दिंडोरी तालुका द्राक्षांचा. माघात एका विद्यार्थ्याचे वडील खोके घेऊन आले. धाकटीला दुखणे जडल्याचे त्यांना ठाऊक नव्हते. खोके परत न्यायला निघाले तेव्हा मी विचारले, “दादा, गोडी कितीला आली आहे?” म्हणाले, “अठराला आहे सर, काल मशीन लावलं.” बागाईतदार मण्याचा रस एका नळकांड्यासारख्या यंत्रावर टाकून उजेडाकडे पाहतात आणि ब्रिक्सचा आकडा सांगतात. अठरा ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात विरघळलेला ऐवज १८ ग्रॅम, आणि तो बहुतेक साखरच. ज्या आकड्यासाठी मी रात्ररात्र तक्ते चाळत होतो, तो आमच्या गावातला प्रत्येक बागाईतदार उभ्या उभ्या सांगू शकत होता! खोके ठेवून घेतले. त्या दिवशी धाकटीने ८० ग्रॅम द्राक्षे खाल्ली, महिन्याभरात पहिल्यांदा.

आईचे मात्र काट्याशी जुळले नाही. काटा ओट्यावर आला की ती स्वयंपाकघरातून उठून जाई.

“लेकराच्या ताटातलं मोजू नये,” ती मला एकदा म्हणाली. “घास मोजले की अंगी लागत नाहीत. तू शिकलास एवढा, तुला कोणी सांगितलं नाही?”

तिला कर्बोदके समजावून काही होणार नव्हते. आणि खरे म्हणजे तिचे म्हणणे मला मनातून पटत होते. पोटच्या पोरीच्या ताटातला भात चमच्याने काढून परत पातेल्यात टाकताना कुणाच्याही हाताला काही तरी होतेच. म्हणून एका रविवारी, ती मेथी निवडत असताना, मी तिला जुनी हकीकत सांगितली. इन्सुलिन सापडण्यापूर्वी अशा मुलांना एकच उपाय होता, तो म्हणजे उपास. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन नावाचे डॉक्टर होते. ते एकेक घास तोलून देत. भाज्या तीन-तीनदा उकडून पाणी फेकून देत, त्यांतले पिष्ट निघून जावे म्हणून. मुले त्याने काही महिने, एखाददोन वर्षे जास्त जगत, आणि हाडांचे सापळे होत. मग १९२१ साली कॅनडात टोरांटोला बॅंटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले आणि १९२२च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले. त्याचे वजन तेव्हा तीस किलोंच्या आसपास होते. पहिल्या सुईचा गुण आला नाही. औषध आणखी शुद्ध करून बारा दिवसांनी पुन्हा दिले तेव्हा आला.

“म्हणजे आई, तेव्हाचा काटा कमी देण्यासाठी होता,” मी म्हणालो. “आपला तसा नाही. तिला जेवढं हवं तेवढं खाऊ दे. किती खाल्लं तेवढं फक्त आपल्याला कळलं पाहिजे.”

आई मेथी निवडत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “त्या पोराचं पुढं काय झालं?”

“आणखी तेरा वर्षं जगला. मग न्यूमोनियाने गेला.”

“तेरा म्हणजे काही फार नाही.”

“तेव्हाचं सांगतोय. आता पुष्कळ जगतात.”

“पुष्कळ म्हणजे किती?”

मला उत्तर सुचेना. मग म्हटले, “आई, तूच म्हणतेस ना, मोजू नये म्हणून.”

त्यानंतर ती उठून जाईनाशी झाली. काट्याकडे पाठ करून बसे, एवढेच.

आता त्या काचेच्या काट्याची गोष्ट. त्याचे दुर्गुण एकेक करून कळत गेले. मोठे ताट ठेवले की आकडे ताटाखाली झाकले जात आणि वाकून, मान वेळावून पाहावे लागे. मध्येच बोट लागून ग्रॅमचे औंस होत. एकदा उपम्याचे वजन ‘५.३’ आले तेव्हा आम्ही दोघे त्याकडे पाहतच राहिलो. सर्वांत लबाडीचा गुण म्हणजे सावकाश घातलेली वस्तू तो खाऊन टाकी. मीठ चिमटीने हळूहळू सोडत गेलो तर तीन-चार ग्रॅमपर्यंत शून्यच. पुढे वाचले की या काट्यांच्या पोटात धातूची एक बारीक पट्टी असते. भार पडला की ती केसभर वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो, आणि त्यावरून आकडा काढला जातो. उन्हा-थंडीने शून्य हलू नये म्हणून किरकोळ आणि सावकाश बदल ‘हा काही भार नव्हे’ असे समजून काटा पुसून टाकतो. सावकाश वाढणारी गोष्ट लक्षात न येणे हा दोष काही काट्याचाच नाही. मार्गशीर्षात चार किलो माझ्याही नजरेतून असेच सुटले होते. पण इतके असूनही मी काटा बदलला नाही. दुकानदाराचे ऐकले नव्हते ना!

गेल्या वर्षी चैत्रात गडावरची यात्रा होती. खान्देशातून पायी येणाऱ्या यात्रेकरूंचे जथे उन्हापायी रात्रीचे चालतात. धाकटी आणि तिच्या मैत्रिणींनी रस्त्यावर पाणी वाटायचे ठरवले आणि संध्याकाळभर कळशा घेऊन धावल्या. रात्री ती नीट जेवली, सुई नीट घेतली, झोपली. दगदगीने साखर लगेच उतरत नाही, सहा-आठ तासांनीही उतरू शकते, हे मी वाचले होते. पण वाचलेले वेळेवर आठवते असे नाही.

रात्री सव्वादोनला सौ.ने हलवले. “अहो, उठा. हिला बघा.”

पोर घामाने निथळत होती. डोळे उघडे, पण ओळख नव्हती. ग्लुकोमीटरवर आकडा ५४. अशा वेळी काय करायचे ते कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेले होते : शुद्ध असेल आणि गिळता येत असेल तर पंधरा ग्रॅम साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणे. मी स्वयंपाकघरात धावलो. काटा ओट्यावर ठेवला, वाटी ठेवली, बोट लावले. निळे आकडे उजळले, लुकलुकले, आणि त्या जागी ‘लो’ अशी अक्षरे आली. मग तीही विझली. पहिल्या दिवशी ‘हाय’, आज ‘लो’. मी भिंतीवरचे घड्याळ काढून त्याचा सेल ओढून काढला; तो मोठा, काट्याला लागतो तो बटनसेल. वणीत रात्री अडीचला बटनसेल कुठे मिळणार? मी त्या काचेवर बोट दाबत तिथे उभा राहिलो. साखरेचा डबा समोर होता. पंधरा ग्रॅम म्हणजे तीन सपाट चहाचे चमचे, हे मला पाठ होते. पण हात उचलला जाईना.

बाहेरच्या खोलीत आलो तेव्हा आई धाकटीच्या उशाशी बसलेली होती आणि तांब्यातले पाणी तिला घोट-घोट पाजत होती. देवघरातली नैवेद्याची साखर होती ती. किती घातली होती, विचारायची वेळच नव्हती. रस्त्यावरून डफाचा आवाज येत होता आणि लोक सप्तशृंगीचा जयजयकार करीत चालले होते. दहा मिनिटांनी पोरीने “आजी, पुरे, गोड मिट्ट आहे” म्हटले तेव्हा सौ. भिंतीला टेकून रडू लागली. पंधरा मिनिटांनी आकडा ९२ आला. सकाळी २६८ होता.

“जास्त झाली का रे साखर?” आईने चहाच्या वेळी विचारले.

“झाली असेल थोडी,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून परस्पर दुकानात गेलो. दुकानदार काही बोलला नाही. तो सभ्यपणा मी विसरणार नाही. या वेळी मी नुसता पाहून काटा घेतला नाही. खिशातून दहा मिलिलिटरची सिरिंज काढली. आमच्या घरी सिरिंजांना तोटा नाही. वाटी ठेवली, शून्य केले आणि दहा मिलिलिटर पाणी सोडले. पाण्याचे दहा मिलिलिटर म्हणजे दहा ग्रॅम. एकाने ८ दाखवले, एकाने १२, एकाने १०, पुन्हा १०, पुन्हा १०. मग अर्धा लिटर दुधाची पिशवी मागवली. दूध पाण्याहून थोडे जड, तेव्हा पिशवीसकट ते पाचशे पंधरा-वीसच्या घरात भरायला हवे. तीच पिशवी ताटाच्या चारी कडांना सरकवून पाहिली. आकडा हलता कामा नये. मोठे ताट ठेवून आकडे दिसतात का ते पाहिले. सेल कुठला लागतो ते पाहिले. टीव्हीच्या रिमोटला लागतात ते, वाण्याकडेही मिळणारे, असे दोन सेल. पाच किलोंचा, एक ग्रॅमच्या पायरीचा, पोलादी ताटाचा, दिसायला अगदी सामान्य काटा होता तो.

“सर, सोनं तोलायचंय का काय?” एका गिऱ्हाइकाने विचारले.

खोक्यावर ‘घरगुती वापरासाठी, व्यापारासाठी नाही’ असे छापले होते. व्यापाऱ्याच्या काट्याला वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, ठरल्या मुदतीने तो पडताळून घ्यावा लागतो; २००९चा कायदा आहे, २०११च्या एप्रिलपासून लागू झालेला. घरगुती काट्याला तो नाही, कारण घरात कुणी कुणाला वजनात मारत नाही असे सरकार धरून चालते. म्हणून आमचा काटा मीच दर महिन्याच्या एक तारखेला सिरिंजने पडताळतो. यात लाजण्यासारखे काही नाही. अख्ख्या जगाचा किलोग्रॅम ज्या प्लॅटिनम-इरिडियमच्या ठोकळ्यावर ठरत असे, तो पॅरिसजवळ तीन-तीन झाकणांखाली ठेवलेला. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. शंभर वर्षांत त्या मूळ ठोकळ्यात आणि त्याच्या प्रतींत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला आढळला. शेवटी २० मे २०१९पासून ठोकळ्याचा नादच सोडून किलोग्रॅम निसर्गातल्या एका स्थिरांकावर बसवला गेला. म्हणजे पासंग तिथेही होता.

नव्या काट्यावर पहिले काम केले ते पुड्यांचे. शांतपणे, दिवसाउजेडी, पंधरा-पंधरा ग्रॅम साखरेच्या वीस पुड्या बांधल्या, जुन्या वैद्यांच्या औषधासारख्या. एक उशाखाली, दोन दप्तरात, एक वर्गशिक्षिकेच्या कपाटात, एक माझ्या खिशात. पाच आईने मागून घेतल्या आणि देवघरात, नैवेद्याच्या डबीशेजारी ठेवल्या.

मग गेली दिवाळी आली. फराळाचा प्रश्न होता. चकली, चिवडा यांचे जमले, पण बेसनाचे लाडू आईचे, आणि आईच्या लाडवाला प्रमाण नाही. “बेसन घे, त्याला पुरेल एवढं तूप घे, आणि साखर अंदाजाने.” तिला काट्यावर वाट्या ठेवायला सांगणे मला जमेना. मग एक युक्ती सुचली. तिने सुरुवात करण्यापूर्वी मी बेसनाचा डबा, पिठीसाखरेचा डबा आणि तुपाचे भांडे तोलून ठेवले. तिचे झाल्यावर पुन्हा तोलले. मधला फरक म्हणजे आईचा अंदाज. भांडे आधी तोलून घेण्याला आमचे जुने दुकानदार ‘धडा करणे’ म्हणत. मुलांना धडे शिकवून जन्म गेला, तो करता आला एवढ्या उशिरा.

बेसन ५१० ग्रॅम, साखर ४००, तूप २४८. आईचा अंदाज मी पुन्हा तोलून पाहिला. साखर ४००. भाजून, मळून झालेले सगळे मिश्रण परातीचे वजन वजा जाता ११५० भरले. बेसनातली कर्बोदके आमच्या हिशेबाने २८०, साखर सगळीच कर्बोदके, मिळून ६८०. म्हणजे चाळीस ग्रॅमच्या लाडवात साधारण चोवीस. हा हिशेब धाकटीने स्वतः केला. पाचवीपासून तिचे गणित माझ्यापेक्षा चांगले आहे; दुखणे कुणाला काय शिकवील सांगता येत नाही.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान करून सगळे फराळाला बसलो. धाकटीने काटा पुढ्यात घेतला आणि आजीला लाडू मागितला. आईने डब्यात हात घातला, वरचे दोन-तीन बाजूला सारले आणि तळातून एक काढून दिला.

आदल्या दिवशी मी सगळे लाडू एकेक करून तोलले होते, अशी माझी समजूत होती. सत्तावीस होते, ३८ ते ४४ ग्रॅमच्या दरम्यान.

हा ६१ भरला.

सौ.ने माझ्याकडे पाहिले, मी आईकडे पाहिले. आई म्हणाली, “एखादा मोठा वळला जातो.”

“आजी, हा छत्तीस ग्रॅमचा झाला,” धाकटी म्हणाली आणि पेनाच्या टोकाची चकती फिरवून आकडा लावू लागली. आई तोवर चहाचे आधण बघायला उठली होती.